वागळे इस्टेटमधले फ्रेमवाले काका : सेटला फ्रेम लागत असतील तर वाचा

मालिकांच्या आर्ट डिपार्टमेंटला मला नऊ वर्षं झाली, आधी गोरेगावला चित्रनगरीत होते, आता चार वर्षं घोडबंदरच्या सेटवर आहे आणि या सगळ्या काळात सोफा, कपाट, झुंबर, पितळेची समई सगळं वेळेत मिळालं पण भिंतीवरच्या फ्रेम कधी मनासारख्या मिळाल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या सेटिंगच्या, म्हणजे सेट उभारणाऱ्या दादांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक गाळा दाखवला. बोर्ड वगैरे काही नाही. पासपोर्ट ऑफिसवरून आत गेलात की फ्रेमवाले काका कुठे बसतात विचारा, चहावालासुद्धा सांगेल. तेव्हापासून फ्रेमसाठी मी दुसरीकडे गेलेली नाही.

आधी ज्यांच्याकडून घ्यायचो त्यांचं नाव घेत नाही पण काय झालेलं ते सांगते. सत्यनारायणाच्या पूजेचा सीन होता, सगळे आर्टिस्ट अनवाणी, जमिनीवर बसलेले, आणि त्या सप्लायरने चौदाच्या चौदा फ्रेम साध्या काचेच्या पाठवलेल्या. लाईट लावल्या आणि प्रत्येक फ्रेममधे एकेक लाईट दिसायला लागली, डीओपी सर म्हणजे आमचे कॅमेरामन वैतागले, आम्ही काचेवर चमक घालवणारा डलिंग स्प्रे मारत बसलो त्यात तासभर गेला, आणि मग एक फ्रेम खाली आली. सेटची भिंत प्लायची असते, खिळा मागच्या लाकडी पट्टीवर बसला तरच धरतो, नाहीतर जड फ्रेम सावकाश सुटत येते. काच पूजेच्या चौरंगापासून हातभर अंतरावर फुटली. कोणाला लागलं नाही हे नशीब, पण आईचं काम करणाऱ्या ताईंचे पाय मी अजून विसरले नाहीये, त्या तिथेच बसल्या होत्या.

काकांकडे पहिल्या दिवशी मी यादी घेऊन गेले, १२ बाय १८ इंचाच्या सहा, ८ बाय १० च्या दहा, देवाचे चार अशी. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, घर कुणाचंय? कुठली माणसं?" मी म्हटलं अकोल्याकडचं कुटुंब दाखवलंय, वडील रिटायर्ड मास्तर, मोठा मुलगा बँकेत. तर म्हणाले, "मग देवघरावर साईबाबा का लिहिलेत? शेगावचे गजानन महाराज हवेत, आणि ते हॉलमधे पण मोठे हवेत." बरोबर होतं त्यांचं, आम्ही यादी आधीच्या मालिकेवरून उचलली होती, ती पुण्यातल्या घराची होती. महाराजांचा फोटो लावला, मास्तरांच्या खुर्चीमागे शाळेचा ग्रुप फोटो लावला. माझी एक मैत्रीण अकोटची आहे, तिच्या आईने दुसऱ्याच आठवड्यात तिला फोन करून सांगितलं की ही माणसं आपल्याकडचीच वाटतात गं. आर्टिस्टनी तोपर्यंत वऱ्हाडी एक वाक्यसुद्धा बोललेलं नव्हतं.

लग्नाच्या फोटोचं तर मला शिकायलाच मिळालं. सासूबाईंचं लग्न १९८४ चं, मी आपलं नेहमीसारखं सांगितलं की फोटो तपकिरी करून द्या, जुना दिसला पाहिजे. काकांनी टेबलाच्या खणातून स्वतःच्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचा रंगीत फोटो काढून दाखवला. तपकिरी कुठेच नव्हता, अख्खा फोटो लालसर गुलाबी झालेला, शालू आणि मागचा पडदा एकाच रंगाचे दिसत होते. त्या काळातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग सगळ्यात आधी उडतो आणि मागे लाल उरतो असं त्यांनी सांगितलं. तपकिरी, पिवळट होतात ते त्याच्याही आधीचे ब्लॅक अँड व्हाईट. मग आमच्या दोन आर्टिस्टचा मुंडावळ्या बांधून फोटो काढला, काकांच्या मुलाने कॉम्प्युटरवर त्यातला निळसर रंग कमी केला, ग्लॉसी पेपरवर न काढता जरा खरखरीत पेपरवर प्रिंट काढली आणि कोपरे गोल कापले. फ्रेमची पट्टी पण सोनेरी फायबरची नाही, पातळ काळी लाकडी. क्लोजअपला तो फोटो आला तेव्हा मॉनिटरवर बघताना मला माझ्या मावशीच्या घरची भिंत आठवली.

आता कामाचं. काच ते देतच नाहीत, अॅक्रिलिक देतात, वजनाला हलकं आणि पडलं तरी काचेसारखे तुकडे होत नाहीत. लांबच्या भिंतीवरच्या फ्रेमला तेही नाही, नुसती मॅट लॅमिनेशन केलेली प्रिंट. पण क्लोजअपला बिनकाचेची फ्रेम लगेच ओळखू येते, चित्र मेलेलं दिसतं, म्हणून ज्या फ्रेमवर कॅमेरा जाणार असेल तिच्या मागे फिरवायच्या छोट्या पट्ट्या लावून देतात, म्हणजे सेटवर मिनिटभरात अॅक्रिलिक घालता काढता येतं. आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे वरच्या बाजूला दोन कोपऱ्यांना बोटाएवढे लाकडी तुकडे चिकटवलेले असतात. त्यामुळे फ्रेम वरून किंचित पुढे झुकते आणि वरच्या लाईटच्या ऐवजी जमीन परावर्तित होते, कॅमेऱ्याला लाईट दिसतच नाही. एवढी साधी गोष्ट, पण त्यासाठी माणसाने सेटवर उभं राहून बघितलेलं असावं लागतं. काका ऐन उमेदीत काही वर्षं सेटिंगलाच होते, त्यामुळे त्यांना हे माहीत आहे.

वाड्याचे सेट करणाऱ्यांनी त्यांच्याकडच्या जुन्या देवांच्या तसबिरी नक्की बघा. राजा रविवर्मांनी १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्या लक्ष्मी सरस्वतीच्या ओलिओग्राफच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांच्या प्रिंट काकांकडे चार साईजमधे आहेत. एक प्रिंट तर अशी आहे की लक्ष्मीच्या साडीवर खरी जरतार शिवलीय आणि दागिन्यांच्या जागी टिकल्या लावल्यात. पूर्वी बायका घरी आणलेली तसबीर खरंच अशी सजवायच्या. ती काकूंनी केलीय, महिनाभर लागला म्हणाल्या. निरांजनाच्या उजेडात ती जरतार जी चमकते ना, तो शॉट आमच्या सरांनी मुद्दाम लांबवला.

हक्कांचा विषय ज्यांना चॅनलच्या लीगलचे मेल येतात त्यांच्यासाठी. आपल्याकडे चित्रकार गेला की पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. रविवर्मा १९०६ ला गेले, चित्रकार धुरंधर १९४४ ला, त्यामुळे ती चित्रं मोकळी. रघुवीर मुळगावकर १९७६ ला गेले म्हणजे त्यांच्या कॅलेंडरवरचे देव २०३६ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापायचे नाहीत. मला ते देव फार आवडतात, आमच्या कळव्याच्या घरी होते, मी हट्ट केला तरी काकांनी प्रिंट काढून दिली नाही. पार्श्वभूमीला सहज दिसणाऱ्या चित्रासाठी कायद्यात सूट आहे पण त्या सुटीवर चॅनल विसंबत नाही, आणि छापून घेतलेल्या प्रिंटचा प्रश्न वेगळाच राहतो. प्रत्येक चलनावर, म्हणजे मालाबरोबरच्या कागदावर, चित्र कुठलं, कुणाचं, फोटो असेल तर कुणी दिला हे ते लिहून देतात, लीगलला तोच कागद स्कॅन करून पाठवते.

भाडं आठवड्याला फ्रेमच्या किमतीच्या दहा टक्के, डिपॉझिट वेगळं. डेलीसोपसाठी विकतच घ्या, सेट दोन अडीच वर्षं उभा राहतो, भाडं परवडत नाही. आणि महत्त्वाच्या फ्रेमच्या दोन प्रती करून घ्या, आम्ही नाही केल्या आणि पावसाळ्यात सेटवर गळती झाली तेव्हा हाराचा फोटो भिजला, कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या सीनमधे भिंत तशीच दिसावी म्हणून, रात्री दहाला काकांना फोन केला. फाईल त्यांच्याकडे होती, सकाळी सातच्या शिफ्टला फ्रेम सेटवर होती, त्या रात्रीचे त्यांनी जास्तीचे पैसे लावले नाहीत.

तक्रारी पण आहेत. फोन पटकन उचलत नाहीत. शुक्रवारी गाळा बंद, आणि ते आमच्या ईपींना, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरना, अजून लक्षात राहत नाही. त्यांचा टेम्पो नाही, तुमचा तुम्हाला न्यावा लागतो आणि संध्याकाळी पाचनंतर घोडबंदरला काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको, तीन हात नाक्यावरूनच अडकायला होतं, त्यामुळे माल सकाळीच उचला. मोठी मॉडर्न अॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग हवी असतील, हिरोच्या ऑफिसमधे लावतात तशी, तर तिथे माल कमी आहे आणि जो आहे तो मला आवडलेला नाही, एकसारखे रंग फासलेले कॅनव्हास आहेत. त्यासाठी तरुण चित्रकाराकडून लेखी परवानगी घेऊन मूळ पेंटिंग भाड्याने आणा, त्यालाही चार पैसे मिळतात.

जायच्या आधी घराची माहिती लिहून न्या, गाव, जात-पंथ, कुलदैवत, घरातलं कोण वारलंय, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं. रायटरकडून मिळत नसेल तर भांडून घ्या, कारण काका विचारणारच. आर्टिस्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले की बारीक होतात आणि १२ बाय १८ ला चेहरा फुटतो.