बाभूळ की चक्रवाक : भिगवणला आधी काय बघाल?

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात जाणारा प्रत्येक जण दुर्बीण रोखतो ती पाण्यावर. साहजिकच आहे. चक्रवाक हा बदकाच्या कुळातला पक्षी लांबूनही ओळखू येतो: नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोकं, आणि उडाला की पंखांवरचे पांढरे पट्टे. बहुधा जोडीनं दिसतो. विणीच्या काळात नराच्या गळ्यात बारीक काळी कंठी येते. लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून ऑक्टोबरच्या सुमारास येतो, उन्हाळा लागला की परततो. घरटंही तिकडेच, कड्याच्या कपारीत नाहीतर बिळात.

काठावरच्या बाभळीकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. ती बारमाही आहे, पूर आला तरी तग धरते, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे जमिनीला नत्र मिळतो. लाकूड औताला, डिंक लाडवाला, शेंगा शेळ्यांना! फक्त वेडी बाभूळ आणि ही एक समजू नका. हिची शेंग राखाडी, लवदार आणि मण्यांच्या माळेसारखी दर बीमागे आवळलेली. वेडीची पिवळसर, बरीचशी सरळ. फुलंही वेगळी: हिची पिवळी गोल बोंडं, वेडीचे लांबट तुरे.

फोटोच हवा असेल तर चक्रवाक. पण त्यासाठी पहाटेची होडी आणि बऱ्यापैकी लेन्स लागते. शिकायला बसायचं तर माझं मत बाभळीला. ती उडून जात नाही, शेंग हातात घेऊन बघता येते. काट्यांचं तेवढं सांभाळा, जोडीनं असतात तेही.