७० मिमी पंख्याचं जेट: आठ महिने, तीन रिसीव्हर आणि पुढचं चाक

गेल्या शनिवारी जुना रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) परत माझ्या या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटमध्ये बसवला आणि सलग सहा उड्डाणं केली. एकदाही काही झालं नाही. साडेचार महिन्यांपूर्वी हाच रिसीव्हर मी खराब ठरवून काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी एकामागोमाग एक असे दोन नवे विकत घेतले होते. त्या दोन रिसीव्हरांचे पैसे फुकट गेले, हे त्या सहा उड्डाणांनी पक्कं केलं. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जेट नेहमीचंच: फोमचं, ७० मिमीचा पंखा, ६ सेलची लिपो बॅटरी, ईएससीमध्येच (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसी (रिसीव्हरला आणि पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या सर्वो मोटारींना कमी व्होल्टची वीज देणारा भाग), तिन्ही चाकं विजेवर आत-बाहेर होणारी. नाव लिहीत नाही, कारण आतली रचना अनेक कंपन्यांच्या जेटमध्ये अशीच असते. आजपर्यंत १४० उड्डाणं झाली. उडायला सुरेख आहे. वळणात नाक खाली टाकत नाही, फ्लॅप दिल्यावर शांतपणे उतरतं, फोमची घडण चांगली आहे. ४००० एमएएचच्या बॅटरीवर चार मिनिटं आरामात मिळतात. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मुद्दा ग्लिचचा, म्हणजे हवेत असताना विमान अचानक ऐकेनासं होण्याचा.

पहिला झटका साधारण तिसाव्या उड्डाणात आला. चाकं आत घेतली होती, वारा आडवा होता, समोरून डावीकडे वळवत होतो. अचानक विमानाने ऐकणं सोडलं. स्टिक पूर्ण उजवीकडे, तरी पंख डावीकडे झुकलेलाच. त्याच क्षणी पंख्याचा आवाजही बंद पडला. दीडएक सेकंदाने विमान पुन्हा हातात आलं, पण पंखा काही फिरेना. थ्रॉटल शून्यावर आणून पुन्हा दिल्यावरच तो चालू झाला. ताशी १०८ किलोमीटर वेग धरला तरी सेकंदाला ३० मीटर होतात, म्हणजे दीड सेकंदात ४५ मीटर विमान आपलं आपण गेलं. उंची होती म्हणून वाचलं.

थ्रॉटल शून्यावर आणावा लागला, ही खूण मी तेव्हा लक्षात घेतली नाही. तिथेच चुकलो. नुसता सिग्नल तुटून फेलसेफ (सिग्नल गेल्यावर रिसीव्हर आपोआप घेतो ती सुरक्षित स्थिती) लागला असता तर रिसीव्हरने ईएससीला कमी थ्रॉटलची पल्स देणं चालू ठेवलं असतं आणि सिग्नल परत येताच पंखा फिरला असता. पल्सच थांबली तर ईएससी पहिल्यापासून सुरू होते आणि शून्य थ्रॉटल मागते. म्हणजे रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू झाला होता. हे मला समजायला पुढचे अडीच महिने लागले.

पहिला संशय अर्थातच अँटेनावर. हॅच उघडून बघितलं तर दोन्ही अँटेना बॅटरीला चिकटून एकाच दिशेने पडलेल्या, आणि खालून पंखाचा कार्बनचा स्पार (आधाराची दांडी) गेलेला. २.४ गिगाहर्ट्झला अँटेनाच्या टोकाचा उघडा भाग फक्त ३१ मिमी असतो, पाव तरंगलांबी. खरं काम तेवढाच भाग करतो, बाकीची केबल नुसती तिथवर पोचवण्यापुरती. ते टोक कार्बनच्या किंवा बॅटरीच्या आड गेलं की सिग्नल दबतो. एक अँटेना उभी आणि एक आडवी अशी काटकोनात प्लास्टिकच्या नळीत बसवली. कमी पॉवरवर ३० पावलं लांब जाऊन रेंज टेस्ट केली, आधी पंखा बंद ठेवून आणि मग चालू करून. दोन्ही वेळा व्यवस्थित. पुढची बारा उड्डाणं विनातक्रार झाली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की दोष अँटेनाचा होता.

तेराव्याला पुन्हा तेच. या वेळी उंची नव्हती. विमान गवतात गेलं आणि नाक तुटलं.

मग पत्रव्यवहार. जेट विकणारा म्हणाला, दोष तुमच्या रेडिओचा. रेडिओच्या सर्व्हिस सेंटरने ट्रान्समीटर आणि रिसीव्हर तीन आठवडे ठेवून घेतले आणि 'तपासले, दोष आढळला नाही' अशी एका ओळीची चिठ्ठी लावून परत पाठवले. तेव्हा त्या चिठ्ठीचा मला फार संताप आला होता. आज सांगतो, ती चिठ्ठी खरी होती. पण मी ती मानली नाही आणि नवा रिसीव्हर घेतला. दहा उड्डाणांनी पुन्हा ग्लिच. मग आणखी महागाचा, जादा अँटेनावाला घेतला. तरी ग्लिच आलाच. ईएससीच्या सिग्नल वायरवर फेराइटची रिंगही चढवली. काही फरक पडला नाही.

मैदानावर एक ज्येष्ठ काका येतात. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळापासून उडवणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर्वो थरथरतात, की गप्प बसतात?"

"गप्प बसतात, काका."

"मग हवेत काय शोधताय? व्होल्ट मोजा."

त्यांचं म्हणणं असं: जुन्या रेडिओत बाहेरचा गोंगाट थेट सर्वोपर्यंत पोचायचा, म्हणून सर्वो थरथरायचे, आणि ग्लिच शब्द तेव्हापासूनचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये रिसीव्हर प्रत्येक फ्रेम (सिग्नलचा एकेक तुकडा) तपासून घेतो, बिघडलेली फ्रेम टाकून देतो. त्यामुळे हवेतल्या गोंगाटाने सर्वो थरथरत नाही, आहे तिथे थांबतो. एखादाच थरथरत असेल तर त्याचा प्लग, वायर किंवा पॉटेन्शिओमीटर बघायचा. सगळेच एकदम थांबले, आणि पंखाही बंद पडला, तर आधी वीज बघायची.

घरी येऊन रिसीव्हरचा लॉग बघितला. माझ्या रिसीव्हरमध्ये चुकलेल्या फ्रेम मोजल्या जातात आणि सलग ४५ चुकल्या की एक होल्ड धरला जातो, म्हणजे साधारण एक सेकंद. एरवी चार मिनिटांच्या उड्डाणात पंधरावीस फ्रेम चुकलेल्या दिसायच्या, अगदी उत्तम दिवशीही. ग्लिच आलेल्या उड्डाणाच्या लॉगमध्ये दोन फ्रेम आणि होल्ड शून्य. इतका स्वच्छ आकडा बघून मी आधी गोंधळलो. मग उलगडलं. रिसीव्हर बंद पडला की हे आकडे पुसले जातात. हा लॉग उड्डाणाच्या फक्त शेवटच्या भागाचा होता.

पण इथेही मी स्वस्तातला उपाय आधी केला. रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टमध्ये ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. नऊ उड्डाणं नीट झाली. हा उपाय मी दोघांना सुचवलाही. तो सल्ला मागे घेतो. हिशोब असा: ५ व्होल्टवरून ३.५ व्होल्टवर येईपर्यंत हा कपॅसिटर २ अँपिअरचा भार जेमतेम साडेतीन मिलिसेकंद सांभाळतो. व्होल्टेजचा क्षणिक खड्डा त्याने भरतो. अर्धा सेकंद टिकणारा भार भरत नाही. माझ्या बाबतीत त्याने दोष झाकून ठेवला, एवढंच झालं.

शेवटी जेट टेबलावर उलटं ठेवलं, रिसीव्हरला किमान व्होल्टेज धरून ठेवणारा मीटर जोडला आणि चाकं आत घेतली. मीटरवर ५.०. एलेरॉन, एलेव्हेटर, फ्लॅप हे पंख-शेपटीचे हलणारे भाग एकेक हलवले, ४.८. मग रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) पूर्ण डावीकडे दिला आणि नाकातून बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला. स्टिक धरून ठेवली तर आवाजही थांबेना. मीटर ४.४.

जमिनीवर वळण्यासाठी रडरला जोडलेलं पुढचं चाक आत गेल्यावरही रडरबरोबर वळत होतं. पण वळायला जागाच नव्हती. चाक फोमच्या खोबणीच्या भिंतीला टेकलं होतं आणि त्याचा सर्वो सगळी ताकद लावून ढकलत होता. चाक बाहेर काढून आत टॉर्च मारला तर डाव्या भिंतीवर नखाएवढी चंद्रकोर घासून चकचकीत झालेली. किती तरी उड्डाणं ते चाक तिथे घासत असणार. सर्वोला बोट लावलं तर चांगलाच तापलेला.

मग जेट घट्ट धरून, कपडे आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवून, वीस सेकंद पूर्ण थ्रॉटल दिला, म्हणजे ईएससी तापेल. लगेच रडर दाबून धरला, चाकांचा स्विच टाकला, फ्लॅप आणि एलेव्हेटर एकत्र हलवले. मीटर ३.४. रिसीव्हरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. माझ्या रिसीव्हरला किमान ३.५ लागतात.

आता बारा उड्डाणांचं कोडंही सुटलं. अँटेना हलवली तो पंधरवडा वारा पडलेला होता, मी रडरला हातच लावत नव्हतो. वारा आला की वळणात रडर, आणि रडर दिला की चाक भिंतीला.

नुसत्या एका सर्वोने बीईसी कोलमडत नाही, हेही सांगायला हवं. बीईसीवर ५ अँपिअर लिहिलेत, पण ते थंड असताना. ती ईएससीच्या पोटात आहे आणि शेजारून मोटारीचे ६०-७० अँपिअर जातात. शिवाय या जेटमध्ये आठ सर्वो, तीन चाकांच्या मोटारी आणि दिवे एका छोट्या बोर्डावर येतात, आणि बोर्डाला वीज एकाच बारीक वायरीतून. २६ गेजच्या वायरीला मीटरमागे सुमारे ०.१३ ओहम रोध असतो. ३० सेंमी लांबीची वायर जाऊन-येऊन ६० सेंमी, म्हणजे ०.०८ ओहम. ४ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच गेले, प्लगच्या पिनांचे वेगळे.

उपाय दोन केले. पुढच्या चाकाचा सर्वो रडरपासून सोडवून वेगळ्या चॅनलवर घेतला आणि चाकांचा स्विच आत टाकला की तो सरळ उभा राहील असं मिक्स (ट्रान्समीटरमधली आपोआप जोडणी) लावलं. आणि वेगळी १० अँपिअरची बीईसी मुख्य बॅटरीवर जोडून ६ व्होल्टवर ठेवली. तुमचे सर्वो आणि चाकांच्या मोटारी ६ व्होल्टला चालतात का ते आधी बघा. ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावली. लाल एकटीच काढायची, काळी आणि सिग्नलची राहू द्यायची. लाल तशीच ठेवली तर दोन बीईसी एकमेकींशी भांडतात. बोर्डालाही जाड वायरीने थेट वीज दिली.

त्यानंतर ६५ उड्डाणं. किमान व्होल्टेज ५.७ च्या खाली गेलेलं नाही. टेलिमेट्री (विमानाकडून ट्रान्समीटरवर येणारे आकडे) क्षणिक खड्डे टिपत नाही, म्हणून टेबलावरची ती चाचणी मी दर महिन्याला मीटर लावून करतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा शेवटी 'घेऊ नका' असं लिहायचं ठरवलं होतं. शनिवारच्या सहा उड्डाणांनंतर तसं लिहवत नाही, कारण विमान खरंच चांगलं आहे. पण कंपनीवरचा राग गेलेला नाही. पुस्तिकेत पुढच्या चाकाबद्दल एकच ओळ आहे, 'चाक सरळ असल्याची खात्री करा', आणि तीही जमिनीवर धावण्यापुरती. खोबण दोन्ही बाजूंनी ५ मिमी रुंद केली असती तर हे काहीच घडलं नसतं. घ्या, पण पहिल्या उड्डाणाआधी चाकं आत घेऊन रडर दोन्हीकडे पूर्ण द्या आणि नाकाला कान लावा.

जादाचे दोन रिसीव्हर डब्यात आहेत. एक ग्लायडरमध्ये जाईल. जेटच्या पंख्याचा आवाज गेल्या दहाएक उड्डाणांत थोडा चढलाय, या रविवारी तो उघडून बेअरिंग बघणार आहे.