दोडका की घोसाळं? गच्चीवरच्या एका मांडवासाठी

कोजागिरी झाली की पावसाळी मांडवाचा हिशोब करायला हरकत नाही. वेल पिवळे पडलेले असतात, पानांवर भुरी चढलेली असते, आणि पुढच्या जूनमध्ये सहा बाय चारच्या त्या जागेवर काय चढवायचं हे आत्ता ठरवलं तर बी धरता येतं. यंदा पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर, एकाच मांडवाच्या एका टोकाला दोडका आणि दुसऱ्या टोकाला घोसाळं होतं. माती, खत, ऊन सगळं एकच. तरीही ही एका गच्चीवरची तुलना आहे, हे धरूनच वाचावी. कोकणातल्यांनी दोडक्याच्या जागी शिराळं वाचावं, नाशिक-खानदेशकडच्यांनी घोसाळ्याच्या जागी गिलकं.

बाकीच्या हंगामाचं थोडक्यात सांगायचं तर भेंडी आणि कारल्याने निराश केलं नाही. काकडी श्रावणातल्या झडीत केवडा या बुरशीच्या रोगाने गेली. शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग, खाली पानामागे करडी बुरशी, आणि दहा-बारा दिवसांत वेल संपला. टोमॅटो पावसाळ्यात लावूच नये, हे मत यंदाही बदललं नाही. दुधीला फळं धरली, पण वजनाने मांडव एका बाजूला झुकला. गच्चीवर दोन दुधी म्हणजे वेगळा आधार आलाच.

आता मुख्य दोघांकडे. सुरुवातीला त्यांच्यात फरक शोधावा लागतो. दोडक्याचं बी काळं, खडबडीत, खाचा पडलेलं असतं. घोसाळ्याचं गुळगुळीत, चपटं आणि कडेला बारीक पातळ धार असलेलं. दोन्हीची सालं टणक, त्यामुळे रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर उगवण एकसारखी होते. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन सेंटिमीटर खोल टोचायचं. एका वेलाला किमान वीस लिटरचा डबा हवा. त्याहून लहान कुंडीत वेल वाढतो, फुलतोही, पण ऑगस्टच्या उघडिपीत रोज दुपारी माना टाकतो आणि कोवळी फळं गाळतो. मिश्रणात निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. ताजं शेणखत किंवा जास्तीचा युरिया घातला की पानं परातीएवढी होतात आणि फुलं रुसतात. दोघांच्याही बाबतीत हे खरं आहे.

दोन दलं आणि पहिली दोन पानं या अवस्थेत तांबडे भुंगेरे येतात. सकाळी उन्हं चढायच्या आत ते सुस्त असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. वेल मांडवावर पोचला, म्हणजे साधारण सहा फूट झाला, की शेंडा खुडायचा. मादी फुलं बगलफुटीवर, म्हणजे बाजूने फुटणाऱ्या फांद्यांवर, जास्त येतात. पहिले दहा-पंधरा दिवस नुसते नराचे घोस दिसतील. तिथे घाबरून खत वाढवू नका.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आमच्यापुरता निर्णय इथेच झाला.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. साडेपाच-सहाला पाकळ्या सुटू लागतात, आठच्या सुमारास फूल पूर्ण उघडतं, मंद वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलूल झालेलं असतं. हे फूल रात्रीच्या पतंगांसाठी आहे. अंगणात, आजूबाजूला झाडी आणि झुडपं असतील तर पतंग येतात आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. पण तिसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी इमारतींचे दिवे, त्यात भाद्रपदातला संध्याकाळचा पाऊस, तिथे पतंग जवळजवळ फिरकतच नाहीत. मग परागीकरण हाताने करावं लागतं, तेही त्याच संध्याकाळी.

कृती सोपी आहे. त्याच संध्याकाळी उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या किंवा काढून टाकायच्या, आणि मधले पिवळे परागकोश मादी फुलाच्या तीन भागांच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच टेकवायचे. एक नर दोन माद्यांना पुरतो. मादी ओळखायला फुलामागे बोटाच्या पेराएवढा, धारा असलेला इवलासा दोडका बघायचा. परागकण भिजले की वाया जातात, म्हणून पाऊस असेल तर काम झाल्यावर त्या फुलावर कागदी पेला उलटा अडकवून रात्रभर ठेवायचा.

एकदा करायला यात काहीच नाही. पण मादी फुलं एकाच दिवशी येत नाहीत. आज एक, परवा दोन, मग चार दिवस काही नाही. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत रोज संध्याकाळी गच्चीवर हजेरी. ऑफिसातून उशिरा घरी येणाऱ्याला हे जमत नाही. ज्याला जमतं, त्याचीही पावसात छत्री एका हातात आणि फूल दुसऱ्या हातात अशी कसरत होते. जी संध्याकाळ हुकली, ते फळ गेलं.

यातून एक चुकीचं निदानही होतं, ते सांगायलाच हवं. परागीकरण न झालेला दोडका दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, आकसतो आणि गळतो. बोटापेक्षा मोठा होतच नाही. लोक याला रोग समजून बुरशीनाशक फवारतात किंवा खत ओततात. फळमाशीने बिघडलेलं फळ वेगळं दिसतं. ते थोडं वाढलेलं असतं, सालीवर सुई टोचल्यासारखी खूण आणि तिथे डिंकाचा थेंब असतो, फळ त्या बाजूला वाकतं आणि चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या निघतात. पहिल्या प्रकाराला औषध नाही, पराग हवेत. दुसऱ्याला क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा आणि बोटभर फळावर कागदी पिशवी हा उपाय. बिघडलेली फळं कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची, कारण अळी मातीत शिरून कोष करते. फळमाशीने आमच्याकडे दोन्ही वेलांना सारखाच त्रास दिला. तिच्यावरून निवड करता येणार नाही.

घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं. मोठं, गडद पिवळं, दुपारपर्यंत टिकणारं. सातला चहा घेऊन वर गेलं तर काम आधीच सुरू झालेलं असतं. सातेरी माश्या, छोट्या फुलोरी माश्या, आणि काळा भुंगा, जो फुलात शिरला की सगळं फूल खाली वाकतं आणि तो पाठीवर पिवळी पूड घेऊन बाहेर येतो. माश्या तिसऱ्या मजल्यावर बिनतक्रार येतात. संपूर्ण हंगामात घोसाळ्याला हात लावावा लागला तो सलग पावसाच्या चार-पाच दिवसांत, आणि तोही सकाळी.

घोसाळ्याच्या कळ्यांच्या तळाशी मुंग्यांची रीघ दिसेल. तिथल्या छोट्या पानांवर गोड रसाच्या ग्रंथी असतात, मुंग्या त्यासाठी येतात. शेंड्यावर मावा किंवा पिठ्या ढेकूण नसेल तर त्यांना हाकलू नका, पावडरही टाकू नका. पावडर माश्यांनाही मारते.

घोसाळ्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. पसारा मोठा, पाणी जास्त, आणि फळ जून फार पटकन होतं. दोडका एखादा दिवस राहिला तर शिरा कडक होतात, गर खाण्यासारखा असतो. घोसाळं दोन दिवस पानाआड विसरलं की आत जाळी धरते आणि ते भाजीतून बाद होतं. वीतभर लांब असताना, नख सहज रुतत असताना काढायचं. दर दिवसाआड मांडवाखाली उभं राहून वर बघायची सवय लागते. संध्याकाळच्या हजेरीपेक्षा ती सोपी, कारण वेळ तुमच्या सोयीची असते.

चवीत दोडका पुढे, असं बहुतेक घरांत म्हणतील. मूगडाळ घातलेली भाजी आणि वर शिरांची तीळ-खोबऱ्याची चटणी, एका फळात दोन गोष्टी. घोसाळं मऊ, पाणी सोडणारं, मुलांना भाजीत आवडेलच असं नाही. पण पातळ चकत्या, बेसनात ओवा आणि थोडं तांदळाचं पीठ, की भजी अशी होतात की मांडवाची जागा वसूल. शिवाय दोडका मंडईत बारा महिने मिळतो. घोसाळं कमी ठिकाणी दिसतं, आणि दिसलं तरी प्रवासात साल चोळवटून काळी पडलेली असते. गच्चीवरून काढून अर्ध्या तासात कढईत गेलेल्या घोसाळ्याची तुलना त्याच्याशी नको. दोन्हींत क्वचित एखादं फळ कडू निघतं. चिरताना चकती चाखायची, कडू असेल तर पूर्ण फेकायचं आणि त्या वेलाचं बी धरायचं नाही.

तळमजल्यावर बाग असेल, भोवती झाडं असतील, किंवा संध्याकाळी घरात कोणीतरी हौसेने वर जाणारं असेल, तर दोडका जरूर लावा. पुसा नसदार किंवा कोकणच्या हवेला कोकण हरिता हे वाण चांगले. वरच्या मजल्यावर एकच मांडव असेल आणि संध्याकाळ तुमच्या हातात नसेल, तर आम्ही घोसाळंच सुचवू. पुसा चिकनी गुळगुळीत आणि भजीला सोयीची आहे. दोन्ही लावायचे असतील तर दोडक्याचे दोन वेल हवेत, म्हणजे नर आणि मादी एकाच संध्याकाळी मिळण्याची शक्यता वाढते.

बियाणं धरायला घोसाळ्याचं दुसरं-तिसरं, सरळ वाढलेलं फळ वेलावरच सोडून द्या. ते पिवळं, मग तपकिरी आणि पिसासारखं हलकं होतं, हलवलं की आत खुळखुळतं. खालच्या टोकाची चकती आपोआप सुटते किंवा अंगठ्याने निघते, आणि फळ उलटं झटकलं की बिया खाली पडतात. साल पाण्यात भिजवून सोलली की अंग घासायला जाळी मिळते. बिया चार दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. सुरुवातीचं पाकीट संकरित वाणाचं असेल तर हे करू नका, पुढच्या पिढीत फळ कसं निघेल याचा भरवसा नसतो.