नाशिकमधल्या मॅटर्निटी हॉस्पिटलचा रिव्ह्यू (पहिलं बाळंतपण, २९ तास)

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये, एक तर माझं फॉलोअप अजून तिथेच चालू आहे आणि दुसरं म्हणजे अशी हॉस्पिटलं नाशकातच आहेत असं नाही, तुमच्या गल्लीच्या टोकाला पण असेल. तीन स्टार देतेय. आई म्हणते पाच दे, हातीपायी सुटलीस, लेक धडधाकट आहे, अजून काय पाहिजे. नवरा म्हणतो एक पण देऊ नको. म्हणून मधला आकडा काढला असं नाही, वाचा म्हणजे कळेल.

मी राहते पुण्याला, पण पहिलं बाळंतपण माहेरी हा नियम आमच्याकडे अजून कुणी मोडलेला नाही, त्यामुळे सातव्यात डोहाळजेवण झालं आणि आठव्यात मी फाईल काखेत मारून नाशिकला. हे हॉस्पिटल घेतलं कारण लेडी डॉक्टर, घरापासून दहा मिनिटं, आणि खाली बोर्डवर मोठ्ठ्या अक्षरात 'पेनलेस डिलिव्हरी उपलब्ध'. त्या बोर्डाकडे नंतर येते. ओपीडी चांगली. अपॉइंटमेंट घेऊन पण दीड तास बसावं लागतं हे धरूनच जा, पण एकदा आत गेलं की मॅडम घाई करत नाहीत, फालतू प्रश्नाचं पण उत्तर देतात, आणि सिझरची भीती घालत नाहीत. माझं हिमोग्लोबिन कमी होतं तर गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या हे सुद्धा त्यांनीच सांगितलं, आधीच्या डॉक्टरने नुसतं लिहून दिलं होतं.

आता मेन गोष्ट. तारीख उलटून तीन दिवस झाले होते. गुरुवारी रात्री ११.२० ला पहिली कळ आली, बारा-बारा मिनिटांनी येत होत्या, आईने घड्याळ घेऊन वहीत लिहायला सुरुवात केली (ती वही अजून आहे, मागच्या पानावर दुधाचा हिशोब आहे). हॉस्पिटलला फोन केला तर या म्हणाले. दोन वाजता पोचलो. ड्युटीवरच्या डॉक्टरने तपासलं, पिशवीचं तोंड 'एक बोट उघडलंय' म्हणाला आणि ॲडमिट. इथेच पहिली चूक झाली असं मी आता म्हणते, तेव्हा मला काय कळत होतं. पहिलटकरणीला एक बोट म्हणजे काहीच नाही, घरी जाऊन झोपा, जेवा, चाला असं सांगायला पाहिजे होतं. मॅडम स्वतः नंतर बोलल्या की त्या असत्या तर परत पाठवलं असतं. पण रात्री काउंटरवर डिपॉझिट घ्यायला माणूस असतो, परत पाठवायला नसतो. आणि त्याच काउंटरवर नवऱ्याच्या सात-आठ फॉर्मवर सह्या घेतल्या, त्यात सिझरचा संमतीचा फॉर्म पण होता, कोरा. 'फॉर्मॅलिटी आहे हो' म्हणे.

शुक्रवारचा दिवस असाच गेला. कळा येतायत, जातायत, पिशवीचं तोंड काही उघडत नाहीये, आणि दर दोन-तीन तासांनी कोणीतरी येऊन तपासून जातंय, कधी सिस्टर, कधी तो डॉक्टर, कधी एक शिकाऊ मुलगी. तपासतात, एकमेकांत इंग्लिशमध्ये काहीतरी बोलतात, ग्लोव्हज काढून बादलीत टाकतात आणि निघून जातात. अहो माझं अंग आहे, मला पण सांगा ना. पोटाला पट्टा बांधून ते ठोक्यांचं मशीन लावलेलं, त्यातनं घोडा दौडल्यासारखा आवाज येतो, आणि मध्येच बाळ सरकलं की आवाज बंद. पहिल्यांदा बंद झाला तेव्हा माझा जीवच गेला होता. बेल दाबली, दहा मिनिटांनी मावशी आल्या, पट्टा दोन बोटं खाली सरकवला, घोडा परत पळायला लागला. पट्टा सरकला की असं होतं, एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर?

संध्याकाळी पाचला मॅडमनी पाणी फोडलं. पाणी स्वच्छ आहे, बाळाने आत शी केलेली नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेवढं ऐकून निम्मं टेन्शन गेलं. मग त्या गेल्या आणि सिस्टरने सलाईन लावलं. मी विचारलं कशाचं, तर 'ताकदीचं आहे ताई, झोपा.' अर्ध्या तासात ज्या कळा सुरू झाल्या, काही विचारू नका, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि सगळ्या कंबरेत, पोटात नाहीतच, जसं काही कोणी माकडहाडावर पाटा वरवंटा चालवतंय. डिस्चार्जच्या दिवशी बिल वाचलं तेव्हा कळलं, त्या ताकदीच्या सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन होतं, कळा वाढवायचं औषध. मॅडमना विचारलं तर त्यांनी नीट समजावलं की दोन कळांमधलं अंतर वाढायला लागलं होतं, म्हणून द्यावं लागलं. कारण बरोबर आहे, मला पटलं. पण मग तेव्हाच सांगितलं असतं तर मी काय सलाईन उपटून फेकणार होते? मी शहाण्यासारखी तयारी तरी केली असती मनाची. मी दोन तास समजत होते की माझ्यातच काही कमी आहे, बाकीच्या बायका हे सहन करतात आणि मला ताकद देऊन पण जमत नाहीये.

तर तो बोर्ड. सात वाजता मी म्हटलं मला पेनलेस पाहिजे. भुलेचे डॉक्टर हॉस्पिटलचे नाहीत, बाहेरून येतात, दुसरीकडे ऑपरेशनमध्ये आहेत. 'ते येईपर्यंत तुमचं होऊन जाईल बघा.' त्यानंतर मला नऊ तास वीस मिनिटं लागली. डॉक्टर आलेच नाहीत. कोणी या हॉस्पिटलमध्ये त्या बोर्डासाठी जात असेल तर रात्री भूल द्यायला कोण असतं, फोन केल्यावर किती वेळात पोचतं, हे आठव्या महिन्यातच विचारून घ्या.

आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे लेबर रूमचं दार. आत कोणालाच घेत नाहीत. आई शुक्रवारी संध्याकाळपासून बाहेर स्टीलच्या बाकावर, मधे फक्त एक दार, मी ओरडलेलं तिला सगळं ऐकू येतंय आणि दार उघडतं ते फक्त 'मोठं डायपरचं पाकीट आणा', 'ग्लोव्हजचा अजून एक बॉक्स आणा' एवढ्यासाठी. इन्फेक्शन होतं म्हणे. सरकारी दवाखान्यांना केंद्राने २०१६ सालीच सांगितलंय की बाईसोबत तिच्या घरची एक बाई आत राहू द्या, माझ्या मावसबहिणीच्या वेळी सिव्हिलमध्ये काकू आत होती शेवटपर्यंत, आणि इथे पैसे मोजून मी एकटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये पण हेच आहे, आणि त्यातच असंही आहे की पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत वेळ लागला तर लागू द्या, तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं काही नसतं. हे सगळं मी नंतर रात्री तीनला पाजता पाजता मोबाईलवर वाचलंय. आधी वाचायला पाहिजे होतं, आधी मी पाळण्याचे रंग बघत होते.

रात्री आठला पाळी बदलली आणि माझं नशीब पण बदललं. रात्रपाळीच्या मावशी आल्या, पन्नाशीच्या असतील, दिंडोरीकडच्या. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाल्या, 'पाठीवर काय पडून राहिलीस बये, उठ.' सिस्टरला विचारून त्यांनी मला उठवलं, सलाईनचा स्टँड धरून उभं केलं, मग पलंगावर हात आणि गुडघे टेकवून ओणवी, आणि कळ आली की तळहाताची टाच कंबरेच्या खालच्या हाडावर अशी दाबून धरायच्या की अर्धी कळ तिथेच जिरायची. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं, म्हणून कंबर एवढी धरली होती, हे मला मावशींकडून कळलं, चोवीस तासांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की आत चाललंय काय. नंतर बाळ फिरलं. मॅडम म्हणतात बरीचशी बाळं आपली आपणच फिरतात. असेल. मी क्रेडिट मावशींना देणार.

पावणेदोनला तोंड पूर्ण उघडलं, मग अडीच तास जोर लावत होते. 'नुसता घशातनं आवाज काढू नको, खाली जोर दे' हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. चारच्या सुमाराला ठोके नव्वदवर आले आणि परत वर जायला वेळ लावायला लागले, घोडा दमला. इथे मॅडमना पैकीच्या पैकी. आवाज चढवला नाही, धावपळ नाही, माझ्या चेहऱ्याजवळ येऊन सांगितलं की बाळाला आता बाहेर काढायचंय, व्हॅक्यूम लावते, छेद घ्यावा लागेल, दोन-तीन कळांत नाही झालं तर सिझर, चालेल का. चालेल का! मला कोणीतरी विचारलं! दुसऱ्या ओढीला ४.२० ला बाळ आलं.

आणि रडलं नाही.

बाळांचे डॉक्टर आधीच बोलावून ठेवले होते, नाळ कापली, कोपऱ्यातल्या गरम दिव्याखाली नेलं, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि टॉवेलने खसाखसा पुसायचा आवाज. पहिलं एक मिनिट महत्त्वाचं असतं म्हणतात, तेवढं पण झालं नसेल, पण मी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे सगळे रविवार मोजले. मग एक बारीक, चिडलेला, मांजरीसारखा आवाज. मावशी म्हणाल्या, 'आली गं तुझी लक्ष्मी, बोलतीये बघ.' छातीवर ठेवली तेव्हा अंगभर पांढरं लोण्यासारखं काहीतरी, एक कान दुमडलेला, आणि व्हॅक्यूममुळे डोकं नारळासारखं लांब. ३.१ किलो. वार पडली, टाके घातले, ते किती ते मी विचारलं नाही.

बाहेर तोपर्यंत वॉर्डबॉयने नवऱ्याकडे खुशीचे मागितले, हजार, आणि वर म्हणतो कसा, मुलगी आहे म्हणून पाचशेच द्या. एक स्टार इथे गेला. मावशींनी एक रुपया मागितला नाही, आईने जबरदस्तीने साडी दिली.

नंतरचे तीन दिवस फार लिहीत नाही. डोकं दोन-तीन दिवसांत आपोआप गोल झालं, आजी तेल लावून दाबायला निघाली होती तिला सिस्टरने अडवलं, मध चाटवायला पण दिला नाही, वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, हे त्यांचं बरोबरच. पण दिवसपाळीची दुसरी एक सिस्टर दुसऱ्याच दिवशी पावडरच्या डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहून देत होती, 'दूध कुठेय तुम्हाला, चीकच येतोय.' चीकच यायचा असतो हो पहिले दोन दिवस, तेवढाच पुरतो. आणि हॉस्पिटलमध्ये असा डब्यांचा प्रचार करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यांना नक्कीच माहीत असणार. तिसऱ्या दिवशी दूध आलं, ब्लाउज भिजला, विषय संपला.

पॅकेज सांगितलं होतं ४५ हजार, बिल झालं ६८,४००. व्हॅक्यूमचे, बाळाच्या डॉक्टरांचे समजू शकते. ग्लोव्हज ४२ जोड लावलेत, ते पण आम्ही बॉक्स आणून दिलेले असताना. नवरा भांडला, अकराशे कमी केले.

ज्यांना जायचंय त्यांनी मोठा थर्मॉस न्या, कँटीन रात्री दहाला बंद होतं. टाक्यांवर बसायला हवा भरायची रिंग न्या, तिथे भाड्याने देतात ती पंक्चर आहे. फॉर्म वाचून सह्या करा, कोऱ्यावर करू नका. पार्किंग नाही. जन्माची नोंद मात्र त्यांनीच वेळेत पाठवली, फक्त सर्टिफिकेटवर आईच्या नावात माझ्या सासूबाईंचं नाव आलंय, दुरुस्तीला दिलंय, तीन आठवडे झाले. मिळालं की इथे लिहीन.