एचएमटी तांदूळ, २५ किलोचं पोतं: जुना असेल तरच घ्या

मी मूळची सिंदेवाहीची, म्हणजे विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली. लग्न होऊन पुण्यात बारा वर्षं झाली. सासरी इंद्रायणी चालतो. भात हाताला चिकटला नाही तर सासूबाईंना जेवल्यासारखं वाटत नाही. मला मात्र शीत न् शीत सुटं लागतं. शेवटी हट्टाने एचएमटीचं पोतं आणलं.

दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, घड्याळवाल्या कंपनीचा आहे, गॅरंटी!" मग मी त्याला दहा मिनिटं सोडलं नाही.

घड्याळ फक्त नावाला. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाला मान होता, म्हणून व्यापाऱ्याने धानाला तेच नाव चिकटवलं. धान दादाजी खोब्रागडे यांचा. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव.) शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांच्या बांधीत (धानाच्या खाचरात) 'पटेल ३' हा वाण होता, त्यात काही लोंब वेगळे, पिवळसर दिसले. माझ्या बाबांनी ते भेसळ म्हणून उपटून बांधावर फेकले असते, हे बाबा स्वतःच सांगायचे. दादाजींनी ते पिशवीत जपले, पुढल्या हंगामात वेगळे पेरले आणि रानडुकरांनी तुडवू नये म्हणून वर काट्या टाकल्या. असं वर्षानुवर्षं निवडत निवडत हा बारीक दाणा हाती आला. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बाबा एचएमटी म्हणतच नसत, 'दादाजीचा धान' म्हणत.

आता भाताबद्दल. दाणा बारीक, आखूड. वास जवळजवळ नाही, त्यामुळे आंबेमोहोराची अपेक्षा ठेवू नका. एका वाटीला दोन वाट्या पाणी, पातेल्यात, झाकण तिरकं ठेवून. वरण, तूप, लिंबू यांच्याबरोबर उत्तम. आमच्याकडच्या गोळाभाताला (बेसनाचे गोळे घातलेल्या भाताला) तर याच्याशिवाय दुसरा तांदूळ मी वापरत नाही. वरून हिंग-मोहरीचं गरम तेल घातलं तरी शीत मोडत नाही. सकाळचा भात रात्री फोडणीलाही चांगला. कुकरमध्ये मात्र तिसरी शिट्टी झाली की गिचका. माझ्या पोत्यावर 'जुना' लिहिलेलं होतं, पण पहिल्याच दिवशी पेज जास्त सुटली. सहा महिन्यांचाही नसावा. शिवाय तळाशी कणी बरीच निघाली. तिचा उपमा झाला, पण पैसे अख्ख्या तांदळाचे गेले.

पोत्यावर घड्याळाचं चित्र आहे, दादाजींचं नाव कुठेच नाही. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' आणला, तेव्हाही श्रेयावरून वाद झालाच. दादाजींना राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. पण आमच्या घरी त्यांची गोष्ट निघाली की आई यातलं काही सांगत नाही. ती सांगते, मुलाच्या आजारपणात माणसाने जमीन विकली, आणि नंतर नातेवाइकाने दिलेल्या दीड एकरावर पुन्हा वाण निवडत बसला. 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'डीआरके' हे सगळे त्यांचेच. त्यांनी पैसे कमावले असते तर काय केलं असतं, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "आणखी दीड एकर घेतलं असतं, दुसरं काय!"

३ जून २०१८ ला गडचिरोलीच्या शोधग्राम रुग्णालयात दादाजी गेले. इकडे मृग तोंडावर आला होता, बाबा पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जागा नांगरत होते. बातमी कळल्यावर बैल सोडून घरी आले आणि त्या दिवशी पुन्हा गेले नाहीत.

तांदळाला चार तारे, त्या दुकानाला दोन. पुढचं पोतं भाऊ नागभीडच्या गिरणीतून ट्रॅव्हल्सवर टाकणार आहे, वर्षाचा जुना, हातावर घेऊन बघितलेला. भाडं धरूनही फार महाग पडत नाही.