उखाणे लिहून देणाऱ्या ताई: यमकाला तीन तारे, चौकशीला पाच

भाचीने, केतकीने, लग्नाआधीच बजावलं होतं, "मावशी, 'भाजीत भाजी मेथीची' कुणी सुचवलं तर मी मांडवातून उठून जाईन." म्हणून ठाण्यातल्या एका ताईंकडे उखाणे लिहायला दिले. पाच उखाण्यांचे सहाशे रुपये, निम्मे आधी.

नेटवर ढिगाने फुकट मिळतात, मग पैसे कशाला, असं माझ्या जाऊबाईंचं म्हणणं. पण त्यात नुसतं नाव बदलायचं. महादेवाची पिंड आणि चांदीचं ताट तेच. या ताईंनी नावं सगळ्यात शेवटी विचारली. आधी फोनवर चौकशी: भेटलात कुठे, पहिलं भांडण कशावरून, त्याच्या घरी सकाळचा चहा कोण करतं. केतकी आधी वैतागली, मग बोलतच सुटली.

अनिकेतची आई वर्षानुवर्षं पोळीभाजीचे डबे देते, हे त्याने ओघात सांगितलं होतं. पंगतीत घास भरवताना त्याच्या तोंडी हा:

पोळ्या लाटून आईने शिकवलं मला,
पहिला घास तिला, दुसरा केतकी तुला.

आणि पठ्ठ्याने खरंच जिलबीचा तुकडा आधी आईला भरवला! विहीणबाईंना बोलता येईना. (केतकीने आ वासलेला, तो तसाच फोटोत आलाय.)

गृहप्रवेशाला नणंदेने दार अडवलं तेव्हा केतकीने घेतला तो हा:

आठ-बाराच्या लोकलला खिडकी सोडली माझ्यासाठी,
अनिकेतचं नाव घेते, पास काढलाय जन्मासाठी!

त्याच्या लोकलच्या ग्रुपने शिट्ट्या मारल्या. बदलापूरकडच्या गाडीत सकाळी कुणासाठी खिडकी सोडणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक.

आता तक्रारी. माझ्या बहिणीसाठीचा उखाणा आठ ओळींचा. लक्षात कसा राहणार? कागद बघून वाचला बिचारीने, आणि कागद बघून घेतलेल्या उखाण्यात कसली मजा. सत्यनारायणाचा तर सरळ जुनाच, दोन शब्द बदललेला. शिवाय सगळे हळदीच्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर आले. गुलाबांच्या चौकटीतलं कार्ड हवं तर दीडशे जास्त पडतात. घेऊ नका, अक्षर इतकं वळणदार की वाचताच येत नाही.

मंगळागौरीचे पुन्हा त्यांनाच देणार आहे. फक्त दोन ओळींच्या वर नकोत हे आधीच सांगून, आणि तारीख चार दिवस अलीकडची देऊन.