बँकेच्या लिलावातील अर्धवट दुरुस्तीचे घर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात आम्ही बँकेच्या लिलावातून घर घेतले, त्याला आता एक पूर्ण पावसाळा उलटून गेला आहे. कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेल्या घरांच्या कायदेशीर बाजूविषयी माहिती बरीच मिळते. असे घर आतून कोणत्या अवस्थेत हाती येते, आणि आधीच्या मालकाने दुरुस्तीचे काम सुरू करून मध्येच सोडलेले असेल तर त्या घराचे पुढे काय होते, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. कोकणातले जुने, हात न लावलेले घर बंद राहिले तर ते मळते, गळते, पण तग धरते. उकरून अर्ध्यावर सोडलेले घर मात्र दोन-तीन पावसाळ्यांत कामातून जाते. आमच्या एकाच छपराखाली हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळाले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतही घरांची कौले उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. या घराचेही छप्पर तेव्हा गेले. मूळ मालकांनी छप्पर नव्याने घालतानाच घर पर्यटकांसाठी वाढवायचे ठरवले आणि त्यासाठी कर्ज काढले. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर हा जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना भाग कायम ठेवून उत्तरेकडची पडवी पाडली, तिथे खांब उभे करून स्लॅब घातला आणि खाली दोन खोल्या व न्हाणीघरे काढली. पुढे हप्ते थकले, कंत्राटदार निघून गेला आणि घराला कुलूप लागले.

लिलावाच्या प्रक्रियेत विशेष अवघड असे काही नाही, पण मुदती कडक आहेत. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देते, मग ताबा घेते, आणि विक्रीची नोटीस काढून ऑनलाइन लिलाव करते. बोली आपल्या नावावर आली की अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. पैसे भरले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होते. त्यामुळे कर्ज काढून घ्यायचे असेल तर ते आधीच मंजूर करून घेतलेले बरे. नोटिशीत ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष, हेही पाहावे. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर चिकटवलेली नोटीस. आत कोणी राहत असेल तर बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि तोवर खरेदीदार बसून राहतो. आमच्या घराचा ताबा प्रत्यक्ष होता, त्यामुळे हा ताप वाचला.

आम्हाला खरा प्रश्न पडला तो विहिरीचा. सरफेसी कायद्याच्या कलम 31 नुसार शेतजमीन या कारवाईतून वगळलेली आहे. त्यामुळे लिलावात आले ते घर आणि भोवतीचे बिनशेती आवार. मागची पोफळीची वाडी वेगळ्या गट क्रमांकात, बागायत म्हणून नोंदलेली आणि मूळ कुटुंबाच्या सामाईक नावावर; आणि विहीर त्या वाडीत. जाहिरातीतल्या फोटोत मात्र विहिरीचा कठडा, रहाट आणि मागे माडांची रांग अशी छान दिसत होती. विहिरीवर नेमका कोणाचा हक्क, हा प्रश्न कोकणात घराच्या किमतीपेक्षा मोठा ठरू शकतो. सुदैवाने मूळ मालकांचे चुलते सामंजस्याचे निघाले. त्यांनी पाण्याचा आणि विहिरीपर्यंतच्या वाटेचा हक्क रीतसर नोंदणीकृत दस्ताने लिहून दिला, आणि त्याचा मोबदला आम्ही वेगळा दिला. लिलावाचे घर पाहायला जाणाऱ्याने सातबारा आणि मोजणीचा नकाशा हातात धरून विहीर, पाखाडी (दगडी पायवाट) आणि सांडपाण्याचा मार्ग या तीन गोष्टी कोणाच्या हद्दीत येतात ते प्रत्यक्ष चालून पाहावे.

थकबाकीबद्दल थोडक्यात लिहितो. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असते, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल यांचा मागचा हिशेब खरेदीदारापर्यंत येऊ शकतो. विजेच्या बाबतीत तर 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या ग्राहकाची थकबाकी वीज कंपनी नव्या मालकाकडून मागू शकते. बोली लावण्याआधी विजेचा ग्राहक क्रमांक मिळवून थकबाकी पाहिली तर निदान आकडा हिशेबात धरता येतो. आतल्या सामानाचीही आशा धरू नये. ताबा मिळाला तेव्हा पंप, नळ, मुख्य स्विचबोर्डापर्यंतची तांब्याची वायर आणि एका न्हाणीघरातले भांडेसुद्धा जागेवर नव्हते. ते कोणी नेले याच्या खोलात आम्ही शिरलो नाही.

आता घराच्या अवस्थेविषयी. पाडलेल्या पडवीच्या जागी घातलेला स्लॅब वरवर पाहता धड वाटत होता. वर चढल्यावर दिसले की पाणी उतरण्यासाठी कोबा घातलेलाच नाही, पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या पाइपाच्या तोंडात सिमेंटच्या पिशव्यांच्या चिंध्या अडकल्या आहेत, आणि वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या खांबांच्या सळया उघड्या उभ्या आहेत. खारी हवा आणि पावसाळ्यातली सततची ओल यांत उघडी सळई गंजते हे सर्वांना ठाऊक असते. पण तो गंज सळईच्या अंगाने खाली खांबात आणि तुळईत उतरतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पटते. एका तुळईच्या खालच्या कडेला, अगदी सळईच्या रेषेत, पोस्टकार्ड सरकेल अशी चीर गेली होती. तिथला काँक्रीटचा तुकडा नखाने ओढला तर सुटून हातात आला, आणि आतली सळई पापुद्र्या-पापुद्र्यांनी सोलत होती. स्थापत्य अभियंत्याने हातोडीने ठोकत सगळा स्लॅब तपासला. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने वर्तुळे केली, आणि शेवटी वर्तुळांबाहेरची जागाच थोडी उरली. वाळू खाडीची असावी असा त्यांचा अंदाज होता. क्षार एकदा काँक्रीटच्या पोटात गेले की वरून मलमपट्टी करून भागत नाही. एक जागा भरली की शेजारची फुटते. आम्ही स्लॅब पाडून टाकला आणि पडवीवर पुन्हा लाकडी वासे व मंगलोरी कौले घातली. पाडण्याची मजुरी आणि राडारोडा वाहून नेण्याचे भाडे मिळून छोट्या खोलीच्या बांधकामाएवढा खर्च आला, हे अंदाजपत्रक करताना कोणी धरत नाही.

स्लॅबने स्वतःपेक्षा जास्त नुकसान जुन्या घराचे केले होते. मूळ रचनेत मुख्य छपराच्या पागोळ्या पडवीच्या कौलांवर पडत आणि पाणी उताराने अंगणात जाई. पडवी गेली आणि तिच्या जागी सपाट स्लॅब आला, तेव्हा तेच पाणी स्लॅबवर साचून माजघराच्या भिंतीकडे परतू लागले. स्लॅब आणि चिऱ्याची भिंत यांच्या सांध्यावर पन्हळ किंवा पत्र्याची पट्टी काहीच नव्हते. ते काम बहुधा पुढच्या टप्प्यात होणार होते. ज्या भिंतीला इतक्या वर्षांत कधी थेट पाऊस लागला नव्हता, तिने दोन पावसाळे पाणी पीत काढले होते. जांभा सच्छिद्र असतो, ओल घेतो, पण चुन्याचा गिलावा असेल तर ती बाहेरही टाकतो. माजघरात मात्र जुना चुना छातीच्या उंचीपर्यंत खरवडून तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. त्यामुळे वरचा भाग दसऱ्यापर्यंत आपोआप वाळला आणि सिमेंटच्या पट्ट्यावर आजही लोणा फुटतो, हात फिरवला की पांढरी भुकटी तळव्याला लागते. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करायला कारागीर शोधत आहोत.

न्हाणीघरांचा प्रकार याहून वाईट होता, कारण तो दिसत नव्हता. फरशी बसवलेली, नहाणी ट्रॅपवर जाळी लावलेली, सगळे काम पुरे झाल्यासारखे. बादलीभर पाणी ओतले तर गेलेही झटकन. बाहेर मैलाटाकीपर्यंत चर खणलेला होता, पण पाइप त्या चरापर्यंत पोचलेलाच नव्हता. तो जोत्याच्या आत, भरावातच संपत होता. छपराचे पाणी उतरवणारा पाइपही त्याच भरावात सोडलेला होता. म्हणजे दर पावसाळ्यात पाणी जोत्याखाली मुरत होते आणि माती वाहून जात होती. कोपऱ्यातली फरशी पायाखाली डुगडुगू लागल्यावर ती उचलली, तर खाली हात कोपरापर्यंत जाईल अशी पोकळी निघाली. अर्धवट सोडलेल्या घरात ओतलेले पाणी नाहीसे झाले यावर समाधान मानू नये, ते बाहेर कुठे निघते हे दुसऱ्या माणसाला उभे करून पाहावे.

लाकडाबाबत गावातल्या सुतारांनी केलेले निदान एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारून ते म्हणाले, “अहो, जुनं आहे ते धड आहे, नवं केलंय तेच गेलंय.” आढे, तुळया आणि जुन्या चौकटी ऐन आणि सागाच्या, वरून काळ्या पडलेल्या, पण पटाशी आत शिरेना. नव्या खोल्यांच्या चौकटी स्वस्त लाकडाच्या. रंग शाबूत आणि आत वाळवीची माती. वाळवी आली होती ती सेंट्रिंगच्या फळ्यांतून. काम थांबल्यावर त्या खोलीतच रचून ठेवलेल्या होत्या, आणि ओल्या जमिनीवरच्या फळ्या म्हणजे वाळवीला आमंत्रणच. शेजारी सिमेंटच्या पोत्यांचे दगड झालेले. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर फूट-फूट अंतराने भोके पाडून औषध भरून घेतले. विहीर जवळ असल्याने त्या बाजूची भोके वगळायला लावली. फवारणीवाले आपण होऊन विहिरीची चौकशी करीत नाहीत.

वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारून पाइप बसवले होते, पण त्यांची तोंडे उघडीच होती. निम्म्या पाइपांत कुंभारमाशीने मातीची घरटी केलेली, दोहोंत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. आम्ही जुने काहीही न वापरता वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही नवे केले आणि वीज गळू लागली की पुरवठा तोडणारे 30 मिलिअँपिअरचे सर्किट ब्रेकर बसवले. ओलसर भिंतींच्या घरात ही चैन समजू नये.

प्रत्यक्ष राहण्याचा अनुभव सांगायचा तर उन्हाळ्यात हे घर उत्तम आहे. चिऱ्याच्या जाड भिंती आणि उंच कौलारू छप्पर यांमुळे मे महिन्याच्या दुपारीही माजघरात पंखा मंद ठेवून बसता येते. मेअखेर कौले शाकारून घेतली होती, त्यामुळे जुलैतल्या संततधारेत जुना भाग दोन किरकोळ गळती सोडता कोरडा राहिला. नव्या भागातल्या खोल्यांत मात्र कपाटाच्या मागे बुरशी, गादीला वास आणि भिंतीला हात लावावा तिथे गारवा. त्यातली एक खोली आम्ही सध्या सामान ठेवण्यासाठीच वापरतो.

किमतीविषयी लोक हमखास विचारतात. या घराचे आधीचे लिलाव बोलीविना गेले होते आणि दर वेळी राखीव (किमान) किंमत उतरत गेली, म्हणून ते आमच्या आवाक्यात आले. पण दोन लिलावांच्या मध्ये एखादा पावसाळा गेला, तर किमतीत सुटलेली रक्कम छप्पर आणि भिंती परत मागून घेतात. आमच्या बाबतीत दुरुस्तीवर लिलावाच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च झाला, आणि त्यातला मोठा वाटा जुने काही सुधारण्यावर नव्हे, तर अर्धवट नवे पाडण्यावर व निस्तरण्यावर गेला. बँकेच्या मूल्यांकन अहवालात हाच स्लॅब मालमत्तेची किंमत वाढवणारा म्हणून धरलेला होता. अहवाल कधीचा आहे आणि काम कोणत्या महिन्यात थांबले, या दोन तारखा मिळवून मध्ये किती पावसाळे गेले ते मोजले, तर त्या आकड्यातून किती वजा करायचे याचा अंदाज येतो. काम थांबल्याची तारीख बँक सांगत नाही; शेजारी नक्की सांगतात, आणि बहुधा कंत्राटदाराच्या नावासकट.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, आमचे नाव लागले आहे. विक्री प्रमाणपत्रावरून फेरफार मंजूर होणे बाकी आहे. दिवाळीनंतर मैलाटाकी उपसून जोडणी पुरी करायची आहे, आणि चुन्याचा कारागीर मिळाला तर माजघराची भिंतही होळीच्या आत हातावेगळी होईल.